पंधरा फुटांवरचा नेम : हलक्या ल्युरच्या कास्टिंगच्या नोंदी

१८ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवायच्या. विषय एकच, मासेमारीतला जवळचा कास्ट, म्हणजे रॉडनं ल्युर (नकली आमिष) जवळच्या जागी फेकणं. पाच ग्रॅमच्या आतला ल्युर, पंधरा ते तीस फूट अंतर, एवढ्यात नेम बसला पाहिजे आणि पाण्यात उतरताना ल्युरचा आवाज झाला नाही पाहिजे. लांब कास्टबद्दल सगळेच बोलतात, याचा इतका गेला त्याचा तितका गेला, पण आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाला मासा असतो कुठं तर काठालाच, बेशरमाच्या झुडपाखाली, पाणकणसाच्या कडेला, बांधाच्या दगडांच्या फटीत, आणि सगळे ल्युर त्याच्या डोक्यावरनं पार पलीकडं मोकळ्या पाण्यात जातात.

तुळजापूर रोडचा हा तलाव, कागदोपत्री एकरुख, आदिला नदीवरचा, इंग्रजांच्या काळात १८७१ साली झालेला. दीडशे वर्षांत काठ असा झालाय की कुठं बांधाचे दगड, कुठं गुडघाभर गाळ, कुठं वेड्या बाभळी थेट पाण्यात उतरलेल्या. मागं रॉड फिरवायला जागा मिळेलच असं नाही. म्हणजे लांब फेकायची सोय कमी आणि जवळ अचूक टाकायची गरज जास्त.

हे तंत्र मुळात बास माशासाठी तयार झालंय, अमेरिकेतला लार्जमाउथ बास. तो आपल्या पाण्यात नाही, पण मरळ बरीचशी त्याच्यासारखीच वागते, आडोशाला दबून बसणार आणि समोरनं काय गेलं की झडप घालणार. फरक एवढाच की मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळं ती बऱ्याचदा पाण्याच्या वरच्या थरात असते आणि वरचा आवाज, सावली तिला लगेच कळते. म्हणून बासवाल्यांचं तंत्र घेताना आवाजाचा भाग आपल्याकडं अजून महत्त्वाचा धरायचा असं माझं मत आहे.

२० जानेवारी

सराफ बाजारात ओळखीच्या एकांकडं सोनं तोलायचा काटा आहे, तिथं डबा घेऊन गेलो आणि सगळे ल्युर एकेक करून तोलले. हे सगळ्यांनी एकदा करावंच. पाकिटावर १/१६ औंस असतं, म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या जरा वर, पण ते नुसत्या शिशाचं वजन असतं, त्याला दोन इंची रबरी ल्युर लावला की काटा तीनच्या पुढं जातो, आणि मीठ मिसळलेलं रबर असेल तर अजून वर. आपण समजतो दोन ग्रॅम टाकतोय आणि टाकत असतो तीन-साडेतीन, मग रोज हात वेगळा का पडतो त्याचं कारण तिथंच असतं.

आता डब्यात तीन कप्पे केलेत. दोन ग्रॅमच्या आसपासचे, साडेतीनचे, आणि पाचच्या जवळचे. एका दिवशी एकच कप्पा उघडायचा.

रॉड सहा फुटी अल्ट्रालाइट (अगदी हलक्या ल्युरसाठीचा), त्यावर १ ते ५ ग्रॅम छापलंय. रील १००० साइजचं स्पिनिंग. याच्या आधी जो रॉड वापरायचो तो ५ ते २१ ग्रॅमचा, त्याच्यावर तीन ग्रॅमचा ल्युर लावला की रॉडला पत्ताच नसतो टोकाला काय लटकतंय ते. रॉड वाकलाच नाही तर फेकायचं सगळं काम हातानं करावं लागतं, आणि हातानं फेकलेल्याला नेम नसतो.

२६ जानेवारी

सुट्टी, त्यामुळं संध्याकाळभर गच्चीवर सराव. गळ पकडीनं कापून टाकलेत, नुसतं शिसं आणि रबर. वीस फुटांवर घमेलं, त्याच्या अलीकडं जाड टॉवेल अंथरलेला म्हणजे कमी पडलेला ल्युर काँक्रीटवर घासत नाही. खालच्या मजल्यावरची पोरं वर येऊन बसली आणि प्रत्येक कास्टला "गेला", "नाही गेला" सुरू, त्याचा फायदाच झाला कारण त्यांना बाजूनं ल्युरची वाट दिसते, टाकणाऱ्याला दिसत नाही. त्यातलाच एक म्हणाला, "दादा, तुमचा वर लय जातोय, मग खाली पडायलाय."

आणि तेच मुख्य आहे. अंतर कमी म्हटल्यावर आपोआप हात हळू होतो. हळू हातानं रॉड वाकत नाही, न वाकलेला रॉड ल्युरला पुढं ढकलत नाही, मग ल्युर पोहोचावा म्हणून आपण तो उंच सोडतो, आणि उंचावरनं आलेला ल्युर एक तर वाऱ्यानं सरकतो नाहीतर धप्पकन पडतो. म्हणजे जवळ टाकायचं म्हणजे हळू टाकायचं हे डोक्यातनं काढलं पाहिजे. झटका तेवढाच कडक, फक्त छोटा. मनगट आणि कोपरापासून पुढचा हात एवढंच हलतं, खांदा जागेवर. ओला टॉवेल वाळत घालायच्या आधी झटकतात ना, हात वीतभरच हलतो पण टोकाला फटका बसतो, तसं. आणि अंतर कमी करायचं ते बोटानं, लाइनवर ब्रेक लावून, हाताचा जोर कमी करून नाही.

संध्याकाळच्या शेवटच्या तासात फक्त हेच केलं. रॉडचं टोक घड्याळाच्या अकराच्या रेषेपासून सुरू, नऊ-साडेनऊच्या रेषेला कच्चकन थांबवायचं, म्हणजे रॉड समोर जवळजवळ आडवा. थांबवणं महत्त्वाचं. रॉड जोरात थांबला की टोक पुढं झेपावतं आणि ल्युर सरळ सपाट निघतो, जमिनीपासून कमरेच्या उंचीनं. घमेल्यात पडल्याचा टण् आवाज आला की पोरं ओरडायची.

३० जानेवारी

लाइन बदलली. जुनी सहा पौंडाची मोनो (एकाच धाग्याची नायलॉन) होती, स्पूलवर, म्हणजे रीलच्या रिळावर, बसून बसून तिची गुंडाळी झालेली, दोन ग्रॅमचं वजन ती गुंडाळी सरळ करू शकत नाही, सगळी ताकद गाइडमध्ये, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमध्ये, घासण्यात जाते. आता पीई ०.६ (जाडीचा जपानी आकडा) ची ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन आणि पुढं ल्युरच्या बाजूला सहा पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, साधारण तीन फुटांचा.

लाइन आणि लीडरची जोडगाठ एफजी नावाची मारली. डबल युनी ही दुसरी गाठ सोपी आहे, पटकन होते, पण तिचा गोळा अल्ट्रालाइट रॉडच्या बारक्या गाइडला टकटक लागतो आणि जवळच्या कास्टमध्ये ते जास्त जाणवतं, कारण गाठ गाइडमध्येच असताना ल्युर सुटतो. एफजी सपाट असते, जाते. बांधायला वेळ लागतो, दिव्याखाली बसून शांतपणे बांधावी.

स्पूल कडेपासून दीड-दोन मिलीमीटर खाली राहील एवढाच भरला. काठोकाठ भरला की हलक्या ल्युरला वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरला की लाइन स्पूलच्या कडेला घासत निघते.

अजून एक सवय लावायला घेतलीये, कास्ट झाल्यावर बेल (रीलवरची लाइन अडवणारी तारेची कडी) हँडल फिरवून नाही, हातानं पाडायची आणि एकदा लाइन ओढून ताणायची. ब्रेडेड लाइनच्या गाठी होतात त्यातल्या बऱ्याचशा ढिली लाइन तशीच गुंडाळल्यामुळं, नाव मात्र वाऱ्याचं होतं. जवळच्या कास्टमध्ये थोड्या वेळात खूप वेळा टाकतो-ओढतो, त्यामुळं ही ढिलाई लवकर साठते.

५ फेब्रुवारी

बोटाचा दिवस.

लाइन तर्जनीच्या कुठं ठेवायची यावरच सगळं आहे असं आता वाटायला लागलंय. पेराच्या घडीत अडकवली की सुटायला उशीर होतो. पहिल्या पेराच्या मऊ भागावर नुसती टेकवायची, आवळायची नाही. लाइन रोलर (बेलच्या टोकाची चकती) बोटाच्या बरोबर खाली येईल तिथं हँडल थांबवायचं, मग लाइन उचलायला बोट ताणावं लागत नाही.

उजव्या हातानं आडवा कास्ट मारताना, ल्युर उजवीकडं गेला तर बोट लवकर सुटलं, डावीकडं गेला तर उशिरा. वरनं मारताना लवकर सुटलं तर उंच, उशिरा सुटलं तर पायापुढं. हे पाठ झालं की चूक शोधत बसावं लागत नाही, ल्युर कुठं पडला तेच सांगतो.

आणि सोडल्यावर बोट लांब न्यायचं नाही. ल्युर हवेत असतानाच तर्जनी परत स्पूलच्या कडेजवळ आणायची, निघणारी लाइन बोटाला टपटप लागत जाते ते जाणवतं, आणि ल्युर जागेच्या दोन-तीन फूट अलीकडं आला की बोट कडेवर दाबायचं, आधी हलकं मग पूर्ण. यानं दोन गोष्टी होतात, ल्युर हवेतच ताणला जाऊन नाक वर करून अलगद बसतो, आणि लाइन सरळ राहते त्यामुळं पडल्या क्षणाला मासा आला तरी कळतं. ज्यांचं बोट पोहोचत नाही त्यांनी डावा पंजा स्पूलखाली आणून तळव्यानं थांबवावं, तेही चालतं, फक्त रॉड धरलेल्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही.

परातीत पाणी भरून यावर सराव केला. आवाज ऐकूनच कळतं बोट वेळेवर लागलं का नाही.

१२ फेब्रुवारी

पिचिंग. बासवाल्यांचं जवळचं मुख्य हत्यार. त्याचा थोरला भाऊ फ्लिपिंग, तो १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी स्पर्धांमध्ये आणला, लांब रॉड, हातात ठरावीक लाइन धरून लोलकासारखा ल्युर झुडपाच्या पोटात सोडायचा, रील वापरायचंच नाही. त्याला वजन लागतं आणि जाड लाइन लागते, आपल्या कामाचं नाही.

पिचिंग मात्र स्पिनिंगवरही होतं. ल्युर रीलच्या पातळीपर्यंत लटकवायचा, डाव्या हातात धरायचा, बेल उघडी, लाइन तर्जनीवर. रॉडचं टोक खाली पाण्याकडं, मग मनगटानं टोक वर उचलायचं आणि त्याच वेळी डाव्या हातातला ल्युर सोडून द्यायचा, फेकायचा नाही. तो पायाजवळनं झोक्यानं पुढं निघतो आणि टोक वर येताना तर्जनी सुटते. बरोबर जमला तर ल्युर पाण्यावरनं वीतभर उंचीनं जातो आणि बसताना बुडबुडासुद्धा येत नाही.

मर्यादा पण कळली. दोन ग्रॅमचा ल्युर पिच केला तर मधेच दम सोडतो, दहा-बारा फुटांच्या पुढं जात नाही. पाचच्या जवळचा कप्पा पंधरा-वीस फुटांपर्यंत मस्त जातो. म्हणजे पिचिंगसाठी तिसरा कप्पा ठरला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, पहाटे हिप्परगा. तलावातली मासेमारी संस्थेकडं असते, त्यामुळं तिथल्या माणसाला आधी भेटून विचारून घेतलं, मासा धरला तरी सोडणार आहे हे सांगितलं, तो म्हणाला जाळ्यांच्या बाजूला जाऊ नका म्हणजे झालं. हे विचारणं टाळू नये, त्यांचं पोट आहे त्याच्यावर.

गच्ची आणि काठ यात मोठा फरक म्हणजे पाय. उतारावर उभं राहिलं की वजन एका पायावर जातं आणि मनगट आपोआप वळतं. पहिला तासभर ल्युर डावीकडंच. मग उतारावरचा पाय आधी रोवून, गुडघा वाकवून उभा राहिलो तेव्हा ठीक झालं.

थर्माकोलच्या तराफ्यावरनं जाळं काढत एक मामा काठाला आले. माझ्या हातातलं बघून म्हणाले, "एवढं बारीक? यानं काय येणार हाय?" मी म्हटलं मामा, मरळ बघतोय. त्यांनी बेशरमाकडं बोट केलं, "तितं हाय की. पण तू उन्हाच्या अंगाला उभारलायस, तुजी सावली आदी जातीया तिच्याकडं. तिकडनं ये, ऊन तोंडावर घे. आन् बसून टाक."

ऊन तोंडावर घेतलं की सावली मागं पडते. बसून टाकलं की रॉडचं टोक झुडपाच्या वर दिसत नाही. आणि बसल्यावर कास्ट आपोआप आडवा आणि सपाट होतो, जे मी गच्चीवर ठरवून करत होतो. मामांना हे आयुष्यभराच्या कामातनं माहितीये. नंतर तासभर बसूनच टाकलं. बेशरमाच्या दोन फांद्यांमध्ये परातीएवढी मोकळी जागा होती, तिथं साडेतीनचा ल्युर सारखा सारखा बसायला लागला. मासा आला नाही, पण एकदा तिथलं पाणी खालनं फुगलं आणि फांदी हलली.

२३ फेब्रुवारी

मागं वेडी बाभूळ, वर फांदी, समोर बारा फुटांवर जागा. तिथं ना वरनं मारता येतं ना आडवं. अशा ठिकाणी दोनच उपाय.

एक, रोल कास्ट. टोकानं समोरच्या समोर छोटं वर्तुळ काढायचं, ल्युर त्या वर्तुळात फिरला की रॉड सगळीकडनं वाकतो आणि वर्तुळ संपताना सोडायचं. मागं जागा लागत नाही. हलक्या ल्युरला हा सगळ्यात जास्त मानवतो कारण तेवढ्या छोट्या जागेत रॉड वाकवायची दुसरी सोय नाही.

दोन, धनुष्यबाण. ल्युर डाव्या हातात धरून मागं ओढायचा, रॉड कमानीसारखा वाकतो, टोक जागेकडं, आधी ल्युर सोडायचा आणि पाठोपाठ तर्जनी. नेम याच्याइतका कशालाच नाही. पण ल्युर धरताना गळाचं टोक बोटांपासून लांब आणि बाहेरच्या बाजूला पाहिजे, शिशाला किंवा रबराच्या शेपटीला धरायचं, गळाच्या वळणात बोट घालायचं नाही. गळाचे काटे मी पकडीनं दाबून सपाट केलेत आणि डोळ्यावर पोलराइज्ड चष्मा असतोच, त्यानं पाण्याखालचं दिसतंही. फांदीत अडकलेला ल्युर ओढून सोडवताना तो सरळ चेहऱ्यावर येतो. चष्मा नसेल तर ओढायचं नाही, जाऊन सोडवायचं.

२ मार्च

वारा. दहानंतर दोन ग्रॅमचा कप्पा बंदच ठेवावा लागतोय. सकाळी लवकर उरकणं हाच उपाय, आणि वाऱ्यात टाकायचंच असेल तर टोक खाली ठेवून आडवा कास्ट, ल्युर बसल्या बसल्या रॉडचं टोक पाण्याला लावायचं म्हणजे लाइन हवेत फुगत नाही.

८ मार्च

पुण्याहून मावसभाऊ आला, येताना त्याचा बेटकास्टिंग (फिरत्या स्पूलच्या रीलचा) सेट घेऊन. हलक्या ल्युरसाठीचा, जपानी पद्धतीचा. "घे की हातात दादा, बघ तरी," म्हणत दुपारभर गच्चीवर बसवलं त्यानं.

साध्या बेटकास्टरवर तीन ग्रॅमचा ल्युर का जात नाही ते आज हातानं समजलं. स्पिनिंगचा स्पूल स्थिर असतो, लाइन त्याच्यावरनं वेटोळं वेटोळं निघते. बेटकास्टरचा स्पूल फिरतो, आणि त्याला फिरवायचं काम ल्युरनं करायचं असतं. स्पूल आणि लाइन मिळून ल्युरच्या कितीतरी पट जड असेल तर ल्युर त्याला फिरवूच शकत नाही, आणि जोर लावून फिरवलाच तर मग थांबवू शकत नाही, ल्युर हवेत मंदावतो, स्पूल फिरतच राहतो आणि लाइनचं घरटं होतं. म्हणून त्याच्या रीलचा स्पूल उथळ, भोकं पाडून हलका केलेला, थोडीच लाइन बसणारा, आणि ब्रेक चुंबकाचा.

जपान्यांनी हे का केलं त्यालाही कारण आहे. बास त्यांचा नाहीच, १९२५ मध्ये अमेरिकेतनं आणून आशी तलावात सोडला, पुढं पसरला, आता तिथं कायद्यानं उपद्रवी परकी जात ठरवलाय. पण धरणारे इतके आणि पाणी इतकं थोडं की मासे ल्युर ओळखायला लागले, मग ल्युर बारीक होत गेले आणि तंत्र बारीक होत गेलं. जगातला विक्रमी बास १९३२ साली अमेरिकेत जॉर्ज पेरी यांनी धरला आणि त्याची बरोबरी झाली ती २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात, मानाबु कुरिता यांच्या हातून.

वापरून बघितल्यावर माझं मत : अंगठ्यानं स्पूल थांबवायची जी मजा आहे ती बोटात नाही, ल्युर इंचाइंचानं थांबवता येतो. पिचिंग तर त्याच्यावरच करावं. पण त्या रीलच्या किमतीत माझा अख्खा सेट दोनदा येतो, आणि चार ग्रॅमच्या खाली स्पिनिंग आजही जास्त भरवशाचं. नव्यानं सुरू करणाऱ्यानं स्पिनिंगच घ्यावं.

१५ मार्च

बांधाच्या दगडांवर दोन ग्रॅमचा कप्पा, दीड इंची रबर. चिलापी. दगडाच्या कडेला अलगद सोडायचं, खाली जाऊ द्यायचं, लाइनकडं बघायचं. लाइन थांबली किंवा बाजूला सरकली की उचलायचं. बऱ्याच आल्या, सगळ्या तळहाताएवढ्या. उजनीची चिलापी खाणाऱ्याला या लहानच वाटतील, पण सरावाला उत्तम, कारण चिलापी आवाजाला लय सावध असते. ल्युर धप्पकन पडला तर त्या दगडाला नंतर काहीच येत नाही, अलगद बसला तर लगेच ओढ. यापेक्षा प्रामाणिक परीक्षा नाही.

२२ मार्च

मरळ.

तीच बेशरमाची जागा, पाणी आता बरंच मागं गेलंय त्यामुळं झुडपाच्या बुडाशी फूट-दीड फूटच पाणी. बसून, ऊन तोंडावर. आधी नुसतं बघत राहिलो. फांदीखाली एकदा वर येऊन हवा घेतली तिनं, गोल उठला आणि दोन बुडबुडे. तिथंच टाकायचं नाही, पुढं दोन फूट, तिच्या तोंडाच्या बाजूला, आणि मग ल्युर तिच्याकडं आणायचा. साडेतीनचा ल्युर, गळ रबरात लपवलेला म्हणजे काडीत अडकत नाही. आडवा कास्ट, बोट वेळेवर लागलं, ल्युर बसला ते मला दिसलं पण ऐकू आलं नाही. दोनदा हलवला. पाणी फाटलं.

पंधरा फुटांवर मासा लागणं आणि साठ फुटांवर लागणं यात फार फरक आहे. मधे लाइनच नाही, आणि ब्रेडेड ताणत नाही, त्यामुळं पहिला हिसका थेट लीडरवर येतो. म्हणून ड्रॅग (ताण वाढला की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) आधीच लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लावून ठेवला होता, सहा पौंडाला साधारण सातशे ग्रॅम, घरी ताणकाट्यानं मोजून. जोरात झटका मारला नाही, रॉड नुसता बाजूला ओढून धरला. ती झुडपाकडं वळली तेव्हा रॉडचं टोक पाण्यात घालून आडवा ताण दिला, वर ओढलं असतं तर ती वर उडी मारून गळ झटकते. फार मोठी नव्हती, हाताच्या कोपरापर्यंत, पण काळसर पाठ आणि पोटाकडं पट्टे, ओल्या हातानं धरली, गळ काढला, पाण्यात धरली तर लगेच निसटली.

एक गोष्ट मात्र नोंदवायचीच. जलपर्णीच्या दाट चटईत हा हलका सेट वापरायचा नाही. तिथं मरळ लागली की लाइन तुटणार आणि गळ तिच्या तोंडात राहणार. दाट जागेसाठी जाड लाइन आणि कडक रॉड, मग नेम थोडा कमी झाला तरी चालेल.

५ एप्रिल

ऊन चाळिशीच्या पुढं गेलंय, पहाटेचा दीड तास मिळतो तेवढाच. गच्चीवरचा सराव रात्री जेवणानंतर, दिव्याखाली घमेलं ठेवून. आता घमेलं काढून त्याच्या जागी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलाय. तांब्याच्या तोंडात पडणं अवघड आहे पण कडेला टण् लागणं बऱ्यापैकी जमतंय, आणि तीस फुटांपेक्षा बारा फुटांना जास्त अवघड जातंय, कारण तेवढ्या जवळ बोट लावायला क्षणच मिळत नाही. पुढचं काम तेच, दहा-बारा फुटांना आडव्या कास्टनं.

साडेपाच फुटी रॉड मागवायचा विचार आहे. बाभळीच्या आत बसल्यावर सहा फूट जास्तच होतात. पण आखूड रॉडनं पिचिंगचा झोका कमी होईल, त्यामुळं एकदम बदलणार नाही, आधी मावसभावाच्या ओळखीनं कुणाचा तरी हातात घेऊन बघणार.

१२ एप्रिल

लीडरचा शेवटचा फूटभर भाग नखानं तपासला, मरळीच्या दातानं आणि दगडांनी खरखरीत झालेला. कापला, परत बांधला. इथनं पुढं प्रत्येक सकाळी निघायच्या आधी लीडर नखावरनं ओढायचा, खरखर लागली की कापायचा. पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर गोळा पाण्यावर दिसायला लागला की त्या बाजूला कास्ट करायचा नाही, आईबाप त्याच्याखालीच राखणीला असतात आणि ल्युरवर रागानं येतात, ते उचलले तर तो गोळा दुसरे मासे संपवतात. तेव्हा बांधाचे दगड, दोन ग्रॅमचा कप्पा आणि चिलापी.